तिसरा म्हणजे नेमका कोण?

यवतमाळच्या बाजार समितीबाहेर, चहाच्या टपरीवर, गेली काही वर्षं मी एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे. २०१८च्या पावसाळ्यात पहिल्यांदा ऐकलं, मधे २०२१मध्ये ऐकलं, आणि २०२५च्या मार्चपासून तर ते रोजचंच झालं. "चीन आता अमेरिकेचा कापूस घेत नाही म्हन्तात. मंग कोनाचा घेईन? आपलाच ना!" शेजारचा मान डोलावतो आणि म्हण पुरी करतो : दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

टपरीवरच्या माणसाला हसायचं कारण नाही. हेच मत मुंबई-दिल्लीच्या अग्रलेखांतून, वाहिन्यांवरच्या चर्चांतून आणि शेअर बाजाराच्या सल्लागारांकडून 'चायना प्लस वन' असं सुटाबुटातलं नाव घेऊन येतं. अमेरिका आणि चीन यांचं बिनसलं की भारताचं फावतं, आणि भारताचं फावलं की यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याचं आपोआप भलं होतं, अशी ही समजूत. माझ्या मते तिचा पहिला भाग अर्धवट खरा आहे आणि दुसरा साफ खोटा. पण आपल्याकडच्या शास्त्रार्थाची रीत चांगली होती : आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि मांडताना मरतुकडा पैलवान निवडायचा नाही.

तर पूर्वपक्षाजवळ चार दाखले आहेत. पहिला इतिहासाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमारानं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. दुसरा दाखला २०१८चा. ६ जुलैला अमेरिकेनं ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के कर बसवला आणि चीननं तितक्याच किमतीच्या अमेरिकी मालावर तेवढाच कर लावून उत्तर दिलं. त्या यादीत सोयाबीन होतं, कापूसही होता. २०२५मध्ये १० मार्चला चीननं अमेरिकी कापसावर आणखी १५ टक्के चढवले, आणि एप्रिलमध्ये दोघांचे एकमेकांवरचे कर १४५ आणि १२५ टक्क्यांवर गेले. तिसरा दाखला शिनजियांगचा. चीनचा नव्वद टक्क्यांच्या आसपास कापूस त्या एका प्रांतात पिकतो. तिथल्या उइगरांकडून सक्तीनं काम करवून घेतलं जातं, असा ठपका ठेवून अमेरिकेनं जानेवारी २०२१मध्ये त्या कापसाला आणि त्यापासून शिवलेल्या कपड्यांना दार लावलं, आणि जून २०२२पासून त्यासाठी वेगळा कायदाच लागू केला. चौथा दाखला मुत्सद्देगिरीचा : चीनला शह द्यायला अमेरिकेला भारत लागतोच, तेव्हा ती आपल्याला झुकतं माप देईल.

या चारही गोष्टी घडलेल्या आहेत. माझा वाद आहे तो त्यांतून निष्कर्ष काढण्याच्या रीतीशी.

दुसऱ्या दाखल्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचा हिशेब ताजा आहे. जून २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुई पौंडाला ९० सेंटच्या वर होती. ऑगस्ट २०१९ उजाडेपर्यंत ती ६० सेंटच्या खाली उतरली होती. भांडण सुरू झालं आणि चौदा महिन्यांत जगाचा भाव तीस सेंटनं पडला. हे तीस सेंट यवतमाळच्या मापात किती? एक क्विंटल कापूस जिनिंगला घातला की साधारण ३४ किलो रुई निघते. बाकी सरकी आणि थोडी घट. डॉलर तेव्हा सत्तर रुपयांच्या आसपास होता. गुणाकार करून पाहा : क्विंटलमागे दीड हजार रुपयांहून जास्त, नुसत्या रुईपोटी. यवतमाळात तो सगळाच्या सगळा दिसला नाही, कारण खाली हमीभावाची फळी होती. पण भांडणानं भाव वर नेला असं म्हणणाऱ्यानं हा आकडा आधी समोर ठेवावा.

असं का झालं, हे समजायला चीनकडे शेजाऱ्याच्या नजरेनं न बघता गिरणीवाल्याच्या नजरेनं बघावं लागतं. चीन परदेशातून रुई घेत होता ती काही नुसती आपल्या लोकांना नेसवायला नाही. तिचं सूत, सुताचं कापड, कापडाचे शर्ट-पँट होऊन त्यातला मोठा वाटा परत अमेरिकेच्याच दुकानांत टांगला जायचा. म्हणजे अमेरिका ही कापूस विकणारी होती आणि कपडे घेणारीही तीच होती. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचं भांडण झालं तर दुकानदाराला माल पुरवणाऱ्याची चांदी कशी होईल? दुसरं असं, की चीननं नाकारलेल्या अमेरिकी गाठी कुणी जाळून टाकल्या नाहीत. त्या व्हिएतनामला, बांगलादेशाला, पाकिस्तानला, तुर्कस्तानला गेल्या, आणि उतरत्या भावानं गेल्या. बांगलादेश आणि व्हिएतनाम ही तर आपल्या गाठींची नेहमीची गिऱ्हाइकं. अमेरिकेला चीनचं दार लागलं, तेव्हा ती आपल्या गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन बसली.

मग चीनमध्ये पडलेली जागा भरली कुणी? मुख्यतः ब्राझीलनं, आणि थोडी ऑस्ट्रेलियानं. आपल्याकडून चीनला त्या हंगामात थोडा माल जास्त गेला, हे मी नाकारत नाही. पण देशाची एकूण निर्यात २०१७-१८मध्ये ६९ लाख गाठींच्या घरात होती ती २०१८-१९मध्ये ४२-४३ लाखांवर आली. भांडणाच्या ऐन रंगात तिसऱ्याची विक्री एक-तृतीयांशाहून जास्त घटली, अशी ही गंमत. पुढच्या हंगामात जगाचा भाव अजून निजलेलाच होता, त्यात करोना आला, तेव्हा शेतकऱ्याला सावरलं ते सरकारच्या कापूस महामंडळानं, म्हणजे सीसीआयनं. तिनं २०१९-२०मध्ये १०५ लाख गाठींच्या आसपास विक्रमी खरेदी केली. तो पैसा दिल्लीच्या तिजोरीतून आला. चीन-अमेरिकेच्या भांडणातून त्यातली एक दमडी आलेली नाही.

म्हण खोटी नाही. तिसऱ्याला लाभ झालाच. फक्त तो तिसरा आपण नव्हतो. दोन मांजरांच्या लोण्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यातल्या माकडाच्या हातात तराजू होता हे विसरतो. ब्राझीलच्या हातात तो होता. माटो ग्रोसो राज्यात सोयाबीन काढून त्याच जमिनीत दुसरं पीक म्हणून कापूस घेतात, यंत्रानं वेचतात, आणि हेक्टरी १८०० किलोंच्या वर रुई काढतात. आपली देशाची सरासरी साडेचारशेच्या आसपास रेंगाळते आणि महाराष्ट्राची त्याहून खाली. मुरमाड उतारावर, पावसाच्या भरवशावर, गुलाबी बोंडअळीशी झगडत फरदडीपर्यंत पीक ओढणाऱ्या आर्णी-घाटंजीच्या शेतकऱ्याची गोष्टच काढू नका. तो आळशी आहे म्हणून असं होत नाही. पाणी नाही, दोन-तीन वेचण्यांची मजुरी परवडत नाही, आणि पालापाचोळा मिसळलेल्या कापसाच्या गाठीला बाहेर कमी दाम मिळतो. चीनच्या गिरणीवाल्याला एका रात्रीत लाखो गाठी एकाच प्रतीच्या लागल्या, तर तो त्या कुठं मागणार, हे त्याला विचारायचीही गरज नाही. २०२३-२४मध्ये ब्राझीलनं कापूस निर्यातीत खुद्द अमेरिकेला मागं टाकलं.

ब्राझीलचा आणखी एक तराजू होता, त्याची आठवण आपल्याकडे फार कमी निघते. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरमसाट अनुदानं देऊन जगाचा भाव पाडते, अशी तक्रार घेऊन ब्राझील २००२मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, वर्षानुवर्षं भांडला, जिंकला, आणि २०१४मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवला. तीच अनुदानं वऱ्हाडच्या कापसालाही दाबत होती. आपण खटल्यात मुख्य वादी नव्हतो.

आता पूर्वपक्ष म्हणेल, ठीक आहे, २०१८ला आपली तयारी नव्हती; पण हे वैर लांबलं तर हळूहळू जागा मिळेलच. इथं मला त्या वैराचा स्वभाव पाहावा असं वाटतं. ही भांडणं मिटतात कशी? १५ जानेवारी २०२०ला वॉशिंग्टनमध्ये दोघांनी पहिल्या टप्प्याचा करार केला. त्याचा गाभा असा होता की २०१७च्या आकड्यांवर दोन वर्षांत आणखी २०० अब्ज डॉलरचा अमेरिकी माल चीन घेईल. चीननं तो शब्द पूर्ण पाळला नाही, तो भाग निराळा. पण अमेरिकी कापसावरच्या करातून चिनी गिरण्यांना सूट मिळू लागली आणि अमेरिकी गाठी पुन्हा चीनच्या धक्क्यावर लागल्या. २०२५मध्येही तेच. मे महिन्यात जिनिव्हात तात्पुरता समेट झाला, मग लंडन, स्टॉकहोम, माद्रिद. आणि ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसानला ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले. त्यातून काय निघालं? चीन वर्षअखेरपर्यंत १२० लाख टन आणि पुढची तीन वर्षं दरसाल २५० लाख टन अमेरिकी सोयाबीन घेणार, असं अमेरिकेनं जाहीर केलं. म्हणजे भांडण पेटतं ते चिप, दुर्मिळ खनिजं आणि तैवानवरून, आणि सुटतं ते शेतमालाच्या खरेदीच्या आकड्यावर. समेटाची किंमत म्हणून पहिल्यांदा बाजारातून कुणाला उठवलं जातं? भांडणाच्या काळात येऊन बसलेल्या तिसऱ्याला. जी जागा दोन राष्ट्राध्यक्षांच्या एका भेटीत जाते, तिच्या जोरावर पेरणीचा बेत आखायचा?

शिवाय २०२५मध्ये ती जागा फारशी उघडलीच नाही. चीननं २०२३-२४मध्ये सुमारे ३२ लाख टन रुई बाहेरून घेतली होती. २०२४-२५मध्ये ती ११-१२ लाख टनांवर आली. घरचं पीक भरपूर, गोदामं भरलेली, आणि कपड्यांची परदेशी मागणी धास्तावलेली. अमेरिकेचा कापूस घेतला नाही, इतरांचाही कमीच घेतला. "मंग कोनाचा घेईन?" या प्रश्नाला "कोनाचाच नाही" हेही एक उत्तर असू शकतं, हे टपरीवर कुणाच्या मनात येत नाही, आणि अग्रलेखांतही आलेलं मी पाहिलेलं नाही.

इथं कुणी जाणता शेतकरी मला अडवेल. म्हणेल, चीननं आपला कापूस घेतला होता, आमच्या डोळ्यांदेखत घेतला होता. २०११-१२मध्ये आपली निर्यात १२९ लाख गाठींच्या आसपास गेली आणि तिचा मोठा हिस्सा चीनलाच गेला. अगदी बरोबर. पण त्या वर्षी अमेरिका आणि चीन भांडत नव्हते. त्या वेळी चीन सरकार आपल्या शेतकऱ्यांकडून टनाला १९,८०० युआन या चढ्या आधारभावानं रुई घेऊन सरकारी साठ्यात भरत होतं. घरची रुई महाग झाली, म्हणून चिनी गिरण्या बाहेरची स्वस्त रुई आणि सूत ओढू लागल्या. त्या ओढीत आपला माल गेला. २०१४मध्ये चीननं ते धोरण गुंडाळलं, आणि त्याच हंगामात इथं कापूस ४,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला, सीसीआयला ८७ लाख गाठींच्या आसपास खरेदी करावी लागली. चीनच्या एका खात्यानं साठा करायचं ठरवलं तर यवतमाळात दिवाळी, त्यानं साठा मोडायचं ठरवलं तर शिमगा. त्यात वॉशिंग्टनचं नावही नाही. फांदीवर कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं, याला आपले नैयायिक काकतालीय म्हणत. इथं तर कावळा दुसऱ्याच झाडावर होता.

माझा स्वतःचा पक्ष यातूनच निघतो, आणि तो रूढ मताच्या अगदी उलट आहे. यवतमाळच्या कापसाला जगानं जेव्हा हात दिला, तो काळ अमेरिका-चीन मैत्रीचा होता. निक्सन १९७२मध्ये बीजिंगला गेले, १ जानेवारी १९७९ला दोन देशांनी राजदूत पातळीवर संबंध जोडले, ११ डिसेंबर २००१ला चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि १ जानेवारी २००५ला कपड्यांच्या व्यापारावरचे जुने कोटे संपले. मग चीन सगळ्या जगाचा, आणि सर्वांत जास्त अमेरिकेचा, शिंपी झाला. शिंप्याला कापड लागतं, कापडाला रुई. आपल्याकडे मार्च २००२मध्ये, म्हणजे चीनच्या त्या प्रवेशानंतर साडेतीन महिन्यांत, बीटी कापसाला परवानगी मिळाली. २००२-०३मधलं १३६ लाख गाठींचं पीक २०१३-१४मध्ये ४०० लाखांच्या जवळ गेलं. या वाढीची गोष्ट आपण नेहमी बियाण्याची म्हणून सांगतो. भांडणारेही बियाण्यावरच भांडतात. पण पिकलेला तो कापूस घेणारं कोण होतं, हा प्रश्न विचारला की त्या गोष्टीत अमेरिकेची दुकानं आणि चीनच्या गिरण्या येतात.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही, कारण मला स्वतःला तो छळतो. याच दशकात यवतमाळचं नाव देशभर झालं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. जुलै २००६मध्ये मनमोहन सिंगांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला जिल्हा होता. मैत्रीच्या काळात जर चांदी होती, तर ही माणसं का गेली? उत्तर असं, की मागणी वाढत होती पण भाव दाबलेला होता, आणि तो दाबण्यात वर सांगितलेल्या अमेरिकी अनुदानांचा मोठा हात होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २००७-०८मध्ये २,०३० रुपये होता. तो एकदम ३,००० झाला २००८-०९मध्ये. जगाचा भाव उसळला त्याहीनंतर, २०१०-११मध्ये. म्हणजे मैत्रीनं मागणी दिली. भाव मिळायला दहा वर्षं लागली, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचं कर्ज काही दहा वर्षं थांबत नाही. माझा सिद्धान्त एवढाच आहे, की दोघांच्या व्यवहारात आपल्याला निदान मागणी तरी होती. दोघांच्या भांडणात तीही नाही.

आणि भाव आलाच, तर तो शेतकऱ्याच्या हातात किती दिवस टिकतो? शिनजियांगचा दाखला इथंच तपासावा. २०२१-२२मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला, काही आठवडे तर बराच वर. शिनजियांगबंदीचा त्यात काही वाटा होता हे मी मानतो. करोनानंतर उघडलेली दुकानं, जहाजांची टंचाई आणि घरचं कमी पीक यांचा त्याहून मोठा होता. पण भाव चढताच तमिळनाडूच्या सूतगिरण्यांपासून ओरड सुरू झाली आणि १४ एप्रिल २०२२ला केंद्रानं आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ केलं. ही एकट्या त्या वर्षाची गोष्ट नाही. एप्रिल २०१०मध्ये जगाचा भाव चढू लागला तेव्हा आधी निर्यातीवर टनाला अडीच हजार रुपये कर बसला आणि मग दहा दिवसांत निर्यातच थांबवली गेली. ५ मार्च २०१२ला पुन्हा बंदी. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विचारलंच नाही असं उघड बोलून दाखवलं, आठवड्याभरात ती सैल करावी लागली, पण तोवर बाजार बसला होता. बीजिंग आणि वॉशिंग्टनमध्ये काहीही घडो, यवतमाळ आणि जग यांच्या मधे दिल्लीचं फाटक आहे, आणि शेतकऱ्याच्या बाजूनं वारा आला की ते हटकून दुसऱ्या दिशेला उघडतं.

चौथा, मुत्सद्देगिरीचा दाखला मी एका तारखेत निकालात काढतो. १८ ऑगस्ट २०२५. त्या दिवशी चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले होते. खतं, दुर्मिळ खनिजं आणि बोगदे खोदायची यंत्रं चीननं आपल्याला रोखली होती. त्यांची वाट मोकळी करायचं आश्वासन त्या भेटीत मिळालं. ठिबकवाल्या शेतकऱ्यांना विद्राव्य खतांची टंचाई त्याआधी महिनाभर जाणवतच होती. आणि त्याच दिवशी अर्थ मंत्रालयानं अधिसूचना काढून दुसऱ्या दिवसापासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, आणि दहा दिवसांत मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आपली वेचणी ऐन भरात असेपर्यंत. अमेरिकेला खूश करायचा हा प्रयत्न होता, की अमेरिकी करानं घायकुतीला आलेल्या कपडा उद्योगाला टेकू, यावर वाद घालता येईल. करवाढीच्या एप्रिलमधल्या अमेरिकी हुकमात एक कलम होतं, की मालाच्या किमतीत किमान २० टक्के भाग अमेरिकी असला तर तेवढ्या भागावर नवा कर नाही. अमेरिकी रुईचे शर्ट शिवून तिकडे पाठवावेत, असा हिशेब काही गिरणीवाले मांडत होते. काहीही असो, ज्या अमेरिकेला चीनविरुद्ध आपली गरज होती तिनं २७ ऑगस्टला आपल्यावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. चीनवर तेव्हा त्या वर्षीच्या नव्या करांची बेरीज ३० टक्के होती, जुने कर वेगळे. झुकतं माप कुणीकडे झुकलं, ते दिसतंच आहे.

या शुल्कमाफीची किंमतही मांडून ठेवतो. ऑगस्टमध्ये जगाचा भाव ६७ सेंटच्या आसपास होता, म्हणजे रुई किलोला १२९ रुपये. तिच्यावरचे ११ टक्के म्हणजे १४ रुपये, आणि क्विंटलभर कापसातल्या ३४ किलोंचे पावणेपाचशेच्या वर. २०२५-२६साठी लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१वरून ८,११० झाला, वाढ ५८९ रुपये. एका हातानं जे दिलं, त्यातला बहुतेक भाग खुल्या बाजारात दुसऱ्या हातानं गेला. २०२४-२५मध्ये ४० लाख गाठींच्या आसपास रुई आपण बाहेरून आणली, आणि निर्यात त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे चीनला विकायला आपल्याकडे शिल्लक काय, हाही प्रश्नच. माफी अमेरिकेसाठी म्हणून दिली असली तरी ती सगळ्यांनाच लागू होती, तेव्हा ब्राझीलच्या गाठीही मुंद्रा-तुतिकोरीनला उतरल्या. तिसरा पुन्हा तोच!

भांडणारे दोघे मात्र आपापल्या शेतकऱ्याला उघड्यावर टाकत नाहीत. अमेरिकेनं २०१८मध्ये १२ अब्ज आणि २०१९मध्ये १६ अब्ज डॉलरची भरपाई जाहीर केली; पहिल्या वर्षी कापसाला पौंडामागे ६ सेंट रोख मिळाले. ८ डिसेंबर २०२५ला आणखी १२ अब्ज जाहीर झाले. चीननं शिनजियांगच्या शेतकऱ्याला २०२५पर्यंत टनाला १८,६०० युआनचा भाव ठरवून दिला होता. आपल्या पैशात रुई किलोला सव्वादोनशेच्या वर, आणि बाजारात जेवढं कमी मिळेल ते सरकार भरून देतं. लढाईत उतरलेल्यांच्या सैनिकांना चिलखतं आहेत. बघ्यांच्या गर्दीत आपला माणूस बनियनवर उभा आहे.

सोयाबीनवाल्यांनी यात खूश व्हावं असं काही नाही. अमेरिकी सोयाबीनला चीननं पाठ दाखवली तो लाभ पुन्हा ब्राझीलचा. आणि इथल्या सोयाबीनचा भाव ढेपेवर आणि तेलावर ठरतो. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क ३० मे २०२५ला २०चं १० टक्के झालं. त्या वर्षीचा ५,३२८चा हमीभाव बाजारात न दिसण्याचं कारण शोधायला पॅसिफिक ओलांडायला नको.

राहिला पहिला दाखला, १८६१चा. तो सगळ्यांचा लाडका, कारण त्यात वऱ्हाड खरोखरच जगाच्या मध्यभागी होतं. भाव आला होता यात शंका नाही. पण लँकेशायरला तेव्हा दुसरा मोठा पुरवठादारच नव्हता. इजिप्तकडे होता तो माल अपुरा होता. आजच्यासारखा ब्राझील उभा नव्हता. आणि तो भाव टिकला किती? एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. १ जुलैला मुंबईत वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा प्रेमचंद रायचंदांसारख्या सट्टेबाज व्यापाऱ्यांचे डोलारे कोसळले. गिरण्या लांब धाग्याच्या अमेरिकी रुईकडे परत वळल्या. वऱ्हाडात मागं राहिलं ते कापसाचं वाढलेलं क्षेत्र आणि रोख पैशाची लागलेली सवय. १८९९-१९००च्या दुष्काळात याच रोख पिकाच्या मुलखात माणसं अन्नावाचून गेली. तीन वर्षांनी, १९०३मध्ये, मूर्तिजापूर ते यवतमाळ किलिक-निक्सन कंपनीची अरुंद रेल्वे धावू लागली, जिला आपण लाडानं शकुंतला म्हणतो. तिच्यावरून गाठी मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला गेल्या. यादवीचा लाभ झाला नाही असं मी म्हणत नाही. तो कुठं उतरला, ते त्या रुळांच्या दिशेवरून दिसतं.

एवढं सगळं मी टपरीवर सांगितलं नाही. तिथं कुणी इतकं ऐकून घेत नाही. २०२५च्या डिसेंबरात कळंबकडचे एक ओळखीचे काका भेटले. सप्टेंबरच्या पावसानं पहिल्या वेचणीचं वाटोळं झालेलं, कपास किसान ॲपवर नोंदणी झालेली, पण सीसीआयच्या केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर भरला म्हणून गाडी परत आणलेली. त्यांनी मला विचारलं, "सर, त्या दोघायचं मिटलं म्हन्तात कोरियात. आता इकावा का ठेवावा?"

मी म्हटलं, कोरिया सोडा. ३१ डिसेंबरला शुल्कमाफी संपते की वाढते ते बघा, तोवर कापूस पत्र्याखाली पसरून वाळवा, आणि पुन्हा केंद्रावर न्या.

"ठेवाले जागा हाय," ते म्हणाले. "पन सोसायटीचं मार्चमधी भरा लागते, अन् पोरीचं लगन माहात हाय."

मग त्यांनी फोन काढून अडत्याला भाव विचारला.